दहा मायक्रोग्रॅमची साक्ष

आत्याच्या घरी जेवायला बसायचं तर आधी टेबलावरचे कागद उचलावे लागतात. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी आठवड्यातले दोन दिवस ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाते. पीएचडी करणाऱ्या मुलांना प्रथिनं शुद्ध कशी करायची ते शिकवते आणि त्यांच्या वह्या घरी आणून लाल पेनाने रंगवते. त्या रविवारी लोणच्याच्या बरणीखाली असाच एक दुमडलेला कागद होता. माझ्या भावाने तो ओढून काढला. भाऊ कर्करोगाचा डॉक्टर. कुठलाही कागद हाती आला की रिपोर्ट वाचल्यासारखा तो आधी सगळ्यात खालची ओळ वाचतो.

"फक्त संशोधनासाठी. निदान वा उपचारासाठी वापरू नये," त्याने मोठ्याने वाचलं. "वा! प्रामाणिक लोक आहेत. पहिल्याच पानावर कबुलीजबाब."

"आणि वरचं काय लिहिलंय ते?"

वर लिहिलं होतं: मानवी हर-थ्री, रिकॉम्बिनंट, कायनेजचा भाग, कीटकांच्या पेशींत तयार केलेला, टोकाला जीएसटी टॅग, दहा मायक्रोग्रॅम. त्याचा डबा विमानतळावर दोन दिवस अडकला होता. ड्राय आइस संपत आलेला. विद्यार्थिनीने रडवेल्या आवाजात आत्याला फोन केला, म्हणून तो कागद लोणच्यापर्यंत पोचला होता.

"आत्या, हा तर मेलेला कायनेज," भाऊ म्हणाला. "कॉलेजच्या पैशांनी मेलेलं प्रथिन मागवलंत? तेही दहा मायक्रोग्रॅम? मिठाचा एक कण याहून जड असतो."

"मेलेला कुणी ठरवला?"

"तुमच्याच लोकांनी. स्यूडोकायनेज हे नाव काही मी ठेवलेलं नाही."

इथून पुढे वरण गार होईपर्यंत दोघं बोलत राहिली. मी मध्ये मध्ये पोळ्या वाढत होते आणि कळत नव्हतं तिथे विचारत होते. घरी येऊन आठवेल तसं लिहून काढलं, तो हा मजकूर.

आधी थोडं कायनेजविषयी. आपल्या पेशीत निरोप पोचवण्याची एक जुनी पद्धत आहे: एका प्रथिनाने एटीपीकडून फॉस्फेट घ्यायचा आणि दुसऱ्या प्रथिनाला चिकटवायचा. फॉस्फेट चिकटला की त्या दुसऱ्याचा आकार, चाल, संगत बदलते. हे चिकटवण्याचं काम करणारी विकरं म्हणजे कायनेज. "वाढ", "दुभंग", "थांब" असे हुकूम याच वाटेने जातात, म्हणून कर्करोगाच्या दुनियेत कायनेजला एवढा भाव. मानवी जनुकसंच वाचून झाला, तेव्हा जेरार्ड मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली 'सायन्स'मध्ये या घराण्याची शिरगणती छापली. एकूण ५१८ जण निघाले. त्यातल्या सुमारे ५० जणांकडे मात्र कामाला अत्यावश्यक समजली जाणारी अमिनो आम्लं जागेवर नव्हती. कुणाकडे एटीपीला धरणारं लायसिन नाही, कुणाकडे मॅग्नेशियम सांभाळणारं अस्पार्टेट नाही, कुणाकडे प्रत्यक्ष अभिक्रियेला हात देणारं दुसरं अस्पार्टेट नाही. दहात एक असा. त्यांना स्यूडोकायनेज म्हणू लागले, म्हणजे तोंडवळा कायनेजचा पण हाताला काम नसलेले.

"नाव कसं पडलं ते बघ," आत्या म्हणाली. "अक्षरं वाचून. कुणी भांड्यात घालून पाहिलं नव्हतं. पत्रिका बघून मुलगा नालायक ठरवला."

"पत्रिका नाही, आत्या. अक्षर नसेल तर रसायन होत नाही. हे तूच मला बारावीत शिकवलंस."

"शिकवलं. आणि मग चुकलेही. डब्ल्यूएनके नावाचं कायनेज २००० साली सापडलं. त्याच्या नावाचा अर्थच 'लायसिन नसलेला'. नेहमीच्या जागी लायसिन नाही, पण शेजारच्याच पट्टीत दुसरं एक आहे आणि ते तेच काम करतं. कामाला चोख. रक्तदाबाच्या एका आनुवंशिक आजारात तोच दोषी निघाला. दुसरं उदाहरण सेलेनोप्रोटीन-ओ. त्यालाही सगळ्यांनी खोटा म्हणून सोडून दिलं होतं. २०१८ साली कळलं की तो एटीपी उलटा धरतो. म्हणून फॉस्फेट न देता एएमपीचा आख्खा तुकडा चिकटवतो. सगळे फॉस्फेट शोधत बसले आणि हा भलतंच काहीतरी वाटत होता."

"ठीक. पण माझ्या ओपीडीत सेलेनोप्रोटीन-ओचे पेशंट येत नाहीत. हर-थ्रीचे येतात."

मग भावाने हर-थ्रीची गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली, आणि ती त्याने चांगली सांगितली. हर घराण्यात चार भावंडं आहेत. पेशीच्या भिंतीत रोवलेली, अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. बाहेरच्या अंगाने निरोप धरायचा, आतल्या अंगाने फॉस्फेट चिकटवायचा. त्यातल्या हर-टूला बाहेरचा कुठलाच निरोप धरता येत नाही. त्याला जुळेल असा निरोप्या आजवर सापडलेला नाही. हर-थ्रीला न्यूरेग्युलिन नावाचा निरोप उत्तम धरता येतो, पण त्याचं आतलं अंग लुळं. म्हणजे आंधळा आणि पांगळा. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला की दोघं धावतात, आणि स्तनाच्या काही कर्करोगांत थांबवता थांबत नाहीत. शिवाय हर-थ्रीच्या शेपटीवर पीआय-थ्री-कायनेजला धरण्याच्या सहा जागा आहेत. पेशीला "मरू नकोस, वाढत रहा" असं सांगणारी वाट तिथूनच सुरू होते.

"आता मला सांग," भाऊ म्हणाला, "आम्ही पर्टुझुमॅब हे प्रतिपिंड देतो. ते हर-थ्रीला हातही लावत नाही. हर-टूच्या ज्या कडेला जोडी जुळते, तिथे जाऊन बसतं. पांगळ्याला खांदाच मिळू नये एवढंच. पसरलेल्या हर-टू कर्करोगात जुन्या औषधांच्या जोडीला ते दिलं तर मध्यक आयुर्मान ४०.८ महिन्यांवरून ५६.५ वर गेलं. २०१५ साली छापून आलं. सोळा महिने होतात जवळजवळ. तेवढ्यात एखादीच्या मुलीची दहावी होऊन जाते. हर-थ्री जिवंत की मेलेला याचा निकाल लागायची कुणी वाट पाहिली नाही. आणि त्या प्रतिपिंडाचं मूळ शोध. उंदरांना टोचल्या होत्या त्या हर-टूने खच्चून भरलेल्या पेशी. तुझी वायल नव्हती टोचली."

आत्याने हे सगळं मान डोलावत ऐकलं. तिची ही सवय समोरच्याला घाबरवते.

"बरोबर. आंधळा-पांगळ्याचं चित्रही छान आहे. फक्त त्यात पांगळा नुसता वाट दाखवतो. खऱ्या जोडीत तसं होत नाही. खांद्यावर बसलेला खालच्याला ढोसतो, म्हणून खालचा चालतो. हे कशावरून म्हणते, विचार."

"कशावरून?"

"शुद्ध केलेल्या प्रथिनांच्या स्फटिकांवरून. २००६ साली कुरियनच्या गटाने बर्कलीत दाखवलं की हर घराण्यातले दोन कायनेज आरशातल्यासारखे समोरासमोर येत नाहीत. एकाचा खालचा गोळा दुसऱ्याच्या वरच्या गोळ्याला रेटतो आणि त्या रेट्याने दुसरा चालू होतो. रेटणाऱ्याने स्वतः काही करायची गरज नाही, त्याला पाठ असली की पुरे. २००९ साली त्याच गटाने हर-थ्रीच्या कायनेज भागाची रचना काढली. पाठ शाबूत. हे तुला पेशीत दिसलं असतं? पेशीत एवढंच दिसतं की दोघं असले की आग लागते. काडी कुणी ओढली आणि पेटी कुणी धरली हे गर्दीत कळत नाही. त्यासाठी एकेकाला बाजूला काढून विचारावं लागतं."

"बाजूला काढून नाही, तोडून. तुझ्या त्या वायलमध्ये बाहेरचं अंग नाही, भिंतीत रोवलेला भाग नाही, शेपूट नाही. टोकाला जोडलेलं शेपूट कुणाचं, तर जीएसटी नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाचं. धड एकाचं, शेपूट दुसऱ्याचं, आणि वाढवलं कीटकाच्या पेशीत. याला तू माणसाचं प्रथिन म्हणतेस?"

मला वाटलं आत्या चिडेल. ती हसली. "शेपटाचं तू बोललास ते लाखातलं बोललास. ते आधी सांगते, कारण त्या मुलीलाही मी त्यावरूनच झापलंय. जीएसटी एकटं राहत नाही. त्याची आपोआप जोडी जुळते. आता जिथे सगळा प्रश्नच दोघांची जोडी जुळते का, जुळली तर काय होतं असा आहे, तिथे जोडी जुळवणारं शेपूट लावून प्रथिन मागवायचं म्हणजे उत्तर आधीच पाकिटात घालून पाठवल्यासारखं. सहा हिस्टिडिनचं छोटं शेपूट मागव म्हटलं होतं. तिने जे स्टॉकमध्ये होतं ते मागवलं."

"म्हणजे वायल खोटं बोलते, कबूल?"

"विचारशील तसं बोलते. साक्षीदार तसेच असतात."

इथे आत्याने ताट बाजूला सारलं. जी गोष्ट तिला खरोखर सांगायची होती, ती आता आली. मी ती थोडी विस्ताराने लिहिते, कारण मला तरी त्या दुपारची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटली.

हर-थ्रीचं जनुक १९८९ साली सापडलं. अक्षरं वाचताच शंका आली: अभिक्रियेला हात देणारं अस्पार्टेट असायला हवं तिथे अस्पॅराजिन होतं. आणखी एका मोक्याच्या जागी ग्लुटामेटऐवजी हिस्टिडिन. १९९४ साली कीटकांच्या पेशींत बनवलेलं हर-थ्री तपासलं गेलं आणि त्याची कायनेज म्हणून ताकद फारच खालावलेली निघाली. विषय संपला असं धरलं गेलं. २००९ च्या त्या बर्कलीच्या लेखातही मोजण्याजोगी क्रिया आढळली नाही. आणि मग बरोबर पुढच्या वर्षी, त्याच 'पीएनएएस' नियतकालिकात, पेनसिल्व्हेनियातल्या मार्क लेमन यांच्या गटाने लिहिलं की हर-थ्री एटीपीला घट्ट धरतो आणि स्वतःच्याच आतल्या अंगाला फॉस्फेट चिकटवतो. बाहेरून दिलेल्या पेप्टाइडला तो शिवत नाही, फक्त आपल्या जोडीदाराला देतो. ईजीएफआरच्या, म्हणजे घरातल्या थोरल्या भावाच्या तुलनेत ताकद सुमारे हजारपट कमी. पण शून्य नाही.

"फरक कशाने पडला?" मी विचारलं.

"एक तर भांडं बदललं. नुसतं पाण्यात तरंगत ठेवलं की हे रेणू एकमेकांना भेटतच नाहीत. लेमनच्या लोकांनी स्निग्ध पदार्थाचे बारीक बुडबुडे घेतले आणि प्रथिनं त्यांच्या पृष्ठभागावर अडकवली, पेशीच्या भिंतीवर असतात तशी दाटीवाटीने. दुसरं म्हणजे काय विचारायचं ते बदललं. परक्याला फॉस्फेट देतोस का असं विचारलं तर उत्तर नाही. घरच्याला देतोस का विचारलं तर हो, थोडा. आणि हात देणारं अस्पार्टेटच नाही तर अभिक्रिया होते कशी, यासाठी त्यांनी संगणकावर पुंजयांत्रिकीची गणितं मांडली. दुसरी, लांबची वाट निघाली. हळू, पण जाता येईल अशी."

"हजारपट कमी म्हणजे शून्यच की," भाऊ म्हणाला. "माझा पगार हजारपट कमी झाला तर मी त्याला पगार म्हणणार नाही."

"मी तर याहून वाईट बोलेन. हजारपट कमी ऐकलं की मला आधी झोप लागत नाही. समज, तुझ्या वायलमध्ये हर-थ्रीचे हजार रेणू आहेत आणि त्यांच्यासोबत, शुद्ध करताना चिकटून आलेला, खऱ्या ताकदीच्या कायनेजचा एकच रेणू आहे. किती क्रिया दिसेल?"

भावाने क्षणभर विचार केला. "तेवढीच."

"तेवढीच! सगळे हजार मेलेले असले तरी तेवढीच. कीटकाच्या पेशीला तिचे स्वतःचे कायनेज असतात. माणसाची पेशी वापरली तर आणखी पंचाईत, कारण खुद्द ईजीएफआर किंवा हर-टूच हर-थ्रीच्या गळ्यात गळा घालून बाहेर येणार. म्हणून नुसता ब्लॉटवर बँड दिसला की नाचायचं नसतं. मी त्या मुलीला चार गोष्टी करायला लावल्यात. एटीपी धरणारं लायसिन मुद्दाम बिघडवलेलं तेच प्रथिन, त्याच पेशीत, त्याच पद्धतीने बनवून शेजारी ठेव. बिघडवूनही बँड तसाच राहिला तर चोर दुसरा. जमलं तर ई-कोलायमध्ये बनव. त्या जिवाणूत आपल्यासारखे टायरोसिन कायनेज नसतात, तेव्हा आळ घ्यायला कुणी नाही, पण हे मोठं प्रथिन त्यात नीट घडी पडून येईल याचीही खात्री नाही. तिसरं, थर्मल शिफ्ट. प्रथिन हळूहळू तापवायचं, सोबत एक रंग घालायचा. घडी उलगडली की रंग चमकतो. एटीपी टाकल्यावर ते दोन-चार अंश उशिरा उलगडलं तर एटीपी खिशात बसला असं समजायचं. मेलबर्नच्या मर्फी यांच्या गटाने २०१४ साली ३१ स्यूडोकायनेज असे तापवून चार गटांत लावले. ही परीक्षा मला आवडते, कारण तीत चिमूटभर भेसळीने निकाल फिरत नाही. हजारात एक चोर उष्णतेचा आलेख हलवू शकत नाही."

"आणि चौथी?"

"चौथी, फ्रीजमधून एकदा काढलेली वायल पुन्हा फ्रीजमध्ये ठेवायची नाही. आल्या आल्या छोट्या भागांत वाटून मग उणे ८० ला. तो डबा दोन दिवस कुठे पडून होता, आत काय झालं, देव जाणे."

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला ते मला अजून टोचतं. "आत्या, हे सगळं खरं आहे. पण तू बोलतेस अशी, जणू वेळ फुकट आहे. हजारपट की शून्य, याच्यावर तुमच्यात वाद होतात आणि तोवर माझ्याकडे बाई येते, तिला विचारायचं असतं की दिवाळी होईल का. तिच्या गाठीत हर-थ्री काय करतो ते मला कळलंय २००७ सालीच. हर-टूचा कायनेज औषधाने बंद केला की थोड्या दिवसांत पेशी हर-थ्रीला भिंतीवर जास्त आणून बसवते, त्याचे फॉस्फेट काढणारी यंत्रणा ढिली होते आणि जेमतेम उरलेल्या हर-टूवर गाडी पुन्हा सुरू. 'नेचर'मध्ये आलं होतं. ते पेशींवर झालेलं काम होतं. पेशीने सांगितलं, पांगळा पळून गेला."

"आणि मग? पळून गेलेल्याला धरायला काय केलंत?"

भाऊ प्रामाणिक माणूस आहे. त्याने टाळलं नाही. हर-थ्रीविरुद्ध प्रतिपिंडं निघाली, एकामागून एक चाचण्या झाल्या, आणि नुसत्या प्रतिपिंडांनी निराशाच केली. मग वाट बदलली: प्रतिपिंडाच्या पाठीवर विष लादून पाठवायचं. पॅट्रिटुमॅब डेरुक्सटिकॅन हे त्यातलं नाव. तिथे हर-थ्री जिवंत की मेलेला याला काही अर्थच नाही. तो केवळ दारावरची पाटी. पाटी वाचून विष आत जातं. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात आशा दिसली, पण पुढच्या मोठ्या चाचणीत आयुर्मान म्हणावं तसं वाढलं नाही आणि २०२५ च्या मे महिन्यात कंपन्यांनी अमेरिकेतला अर्ज मागे घेतला. दुसरीकडे झेनोकुटुझुमॅब, एका हाताने हर-टू आणि दुसऱ्या हाताने हर-थ्री धरणारं. न्यूरेग्युलिनचं जनुक दुसऱ्याला चिकटून बिघडलेल्या, फार थोड्या रुग्णांत आढळणाऱ्या फुप्फुसाच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगांसाठी त्याला २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत परवानगी मिळाली.

"म्हणजे बाहेरून दार ठोठावून झालं," आत्या म्हणाली. "आत मात्र कुणी गेलं नाही."

"आत जाऊन काय करणार? काम न करणाऱ्याचं काम बंद कसं करतात? सगळी गोळ्यांची औषधं कायनेजचं काम बंद पाडतात. इथे बंद पाडायला काही नाही."

हा भावाचा सगळ्यात बळकट मुद्दा होता, आणि आत्या बहुतेक त्याचीच वाट पाहत होती. तिने विषय एकदम वळवला. "तू महिन्यात किती जणांची जॅक-टू टेस्ट करतोस?"

"बरेच. रक्तपेशी वाढलेल्या दिसल्या की ती पहिली लिहितो."

"त्यात काय बघतात?"

"व्ही-सहाशे-सतरा-एफ. पॉलिसायथेमिया व्हेराच्या जवळपास सगळ्या रुग्णांत असतं." तो थांबला. मग हसला. "हो, कळलं. ते स्यूडोकायनेजमध्ये आहे."

जॅक प्रथिनाच्या अंगात एक खरा कायनेज असतो आणि त्याला लागून एक खोटा. खोट्याचं काम खऱ्याला आवरून धरण्याचं. ६१७ व्या जागेवरचं व्हॅलिन जाऊन तिथे फिनाइलअ‍ॅलानिन आलं की पकड सुटते आणि अस्थिमज्जा रक्तपेशी ओतत सुटते. २००५ साली चार गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी दाखवलं. २०११ साली आलेलं रुक्सोलिटिनिब खऱ्या कायनेजला दाबतं, आणि बिघडलेला जॅक व धडधाकट जॅक यांच्यात त्याला भेद करता येत नाही. म्हणून रुग्णाचं हिमोग्लोबिनही खाली येतं.

"तेव्हा काम बंद करता येत नसेल, पण पकड घट्ट करता येते," आत्या म्हणाली. "जॅकचाच भाऊबंद टीवायके-टू. त्याच्या खोट्या कायनेजच्या खिशात बसणारं औषध, ड्यूक्रावासिटिनिब, २०२२ च्या सप्टेंबरात सोरायसिससाठी अमेरिकेत मंजूर झालं. खिसा खोटा म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बसल्यावर कळलं की आत बसलं की पकड आणखी आवळते आणि शेजारचा खरा कायनेज मुकाट्याने बसतो. आणि खोटे खिसे एकमेकांहून वेगळे असतात, खऱ्यांसारखे एका साच्यातले नसतात. म्हणून ते भलत्या कायनेजला जाऊन चिकटत नाही."

"हे मात्र तुझ्या वायलमुळे सापडलं असणार."

आत्याने उत्तर द्यायला नको तेवढा वेळ घेतला. तिला सहज "हो" म्हणता आलं असतं. भावाला ती गोष्ट माहीत नव्हती, मला तर नव्हतीच.

"नाही," ती म्हणाली. "सापडलं पेशींत. पेशीतला एक निरोप थांबवणारे रेणू शोधत होते. जे सापडले ते थांबवत तर होते, पण कुठल्याच खऱ्या कायनेजला दाबत नव्हते. कुणालाच कळेना हे कुठे जाऊन बसतात. मग शुद्ध प्रथिनं घेऊन एकेक तपासलं, तेव्हा हा खिसा निघाला. २०१५ साली छापलं."

"म्हणजे पेशी आधी."

"पेशी आधी. पण पेशीने एवढंच सांगितलं की काहीतरी झालं. कुठे झालं ते वायलने सांगितलं, आणि कुठे ते कळल्याशिवाय पुढचा, जास्त चांगला रेणू घडवता आला नसता."

हर-थ्रीच्या खिशात रेणू बसवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २०१४ साली बोस्टनमधल्या एका प्रयोगशाळेने त्या खिशातल्या एका सिस्टीनला कायमचा चिकटणारा रेणू बनवला. तो बसला छान, पण नुसतं बसून फारसं काही होईना. मग त्यांनी त्याला एक तेलकट गोळा जोडला, ज्याच्या संगतीने पेशी ते प्रथिन बिघडलेलं समजून मोडीत काढू लागते. आत्याच्या मते खोट्या कायनेजला पकडण्याची हीच सरळ वाट आहे: काम करत नाही म्हणता ना, मग काम बंद करू नका, त्याला घरातूनच काढा. भावाच्या मते हे सगळं अजून भांड्यातच आहे. पेशंटपर्यंत पोचलं की मला फोन कर, तो म्हणाला.

मला विचाराल तर त्या दुपारी माझं मन आत्याकडे झुकलं होतं, पण तिचा सगळा जोर "खरं काय" यावर होता आणि भावाचा "आज काय" यावर, आणि या दोन प्रश्नांना एकच वायल पुरत नाही, यात वायलचा दोष नाही. एक गोष्ट मात्र मला खटकली होती, ती मी जाताना बोलून दाखवली. हर-थ्री शून्य करतो की हजारावा भाग करतो, याने आंधळ्या-पांगळ्याच्या जोडीत फरक काय पडतो? आंधळ्याला रेटायला पाठ पुरते ना?

"पडेल किंवा नाही पडणार," आत्या म्हणाली. "तू हर-टूचा कायनेज औषधाने शंभरातले नव्व्याण्णव भाग बंद केलास, तर उरलेल्यात हर-थ्रीचा हजारावा भाग मोजावा लागेल की नाही? एरवी कुणी विचारलं नसतं. सगळे दिवे घालवले की समई दिसते."

भाऊ ताटं उचलत होता. तो थबकला. हे त्याला नवीन होतं, किंवा असं त्याने कधी मोजलं नव्हतं. ताटं सिंकमध्ये ठेवून, हात पुसून, त्याने तो कागद पुन्हा घेतला आणि या वेळी मधलं वाचायला लागला. साठवण, बफर, ग्लिसरॉलचं प्रमाण, जेलचा फोटो. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक," त्याने वाचलं. मग पुटपुटत हिशेब केला. "म्हणजे हजारात शंभर रेणू दुसरेच कुणाचे असू शकतात. तू मघाशी एकच म्हणालीस."

"हो."

"आत्या, हे शंभर जण कोण आहेत, ते यांनी कुठेच लिहिलेलं नाही."

"नसतंच लिहिलेलं. त्या मुलीला उद्या हेच विचार," आत्या म्हणाली आणि तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "माझं ती ऐकत नाही."